सशाची पिल्ले घरी वाढवताना : जन्मापासून आईचे दूध सुटेपर्यंत

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील आमच्या गावात गाई-बैल, शेळ्या आणि कोंबड्या घरोघरी आहेत. ससे मात्र कोणी पाळत नाही. शेळी अडली तर मध्यरात्रीही दोन-चार जाणती माणसे धावून येतात, पण सशाचे पिल्लू थंड पडले तर काय करावे, हे सांगणारे गावात कोणीच नव्हते. २०२४ च्या हिवाळ्यात आमच्या घरी सशीण व्याली तेव्हा जे कळले ते तालुक्याच्या पशुवैद्यकांकडून, थोडे वाचनातून आणि बरेचसे पिंजऱ्यासमोर बसून कळले. उद्या दुसऱ्या कोणावर ही वेळ आली तर त्याची धावपळ थोडी कमी व्हावी, म्हणून जे घडले ते त्याच क्रमाने लिहून ठेवते आहे.

माझ्या भाच्याला पुण्यात नोकरी लागली आणि खोलीवर प्राणी ठेवण्याची परवानगी मिळेना, म्हणून नागपुरात शिकत असताना पाळलेली सशांची जोडी १० नोव्हेंबर २०२४ रोजी तो आमच्याकडे सोडून गेला. दोन्ही ससे पांढरे, लाल डोळ्यांचे, न्यूझीलंड व्हाइट जातीच्या वळणाचे, पण अंगाने त्या जातीपेक्षा थोडे लहान होते. त्याच दिवशी सकाळपर्यंत नर आणि मादी एकाच पिंजऱ्यात होते, असे त्याने सहज सांगितले आणि माझी झोप उडाली. सशिणीला गाईसारखा ठरावीक माज नसतो. नराशी संग झाल्यानंतरच तिचे स्त्रीबीज सुटते, त्यामुळे दोघे एकत्र असतील तर ती जवळपास केव्हाही गाभण राहू शकते. गर्भकाळ साधारण ३० ते ३२ दिवसांचा असतो. त्या हिशेबाने ती गाभण असलीच तर जास्तीत जास्त १२ डिसेंबरपर्यंत विणार, हे उघड होते. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या तारखेला खूण केली आणि संध्याकाळीच नराला वेगळ्या पिंजऱ्यात हलवले. हे वेगळे करणे विण्याआधीच व्हायला हवे, कारण व्याल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. तसे झाले तर दूध पाजण्याचा आणि नव्या गर्भाचा भार तिच्या शरीरावर एकाच वेळी पडतो.

ती खरोखर गाभण आहे की नाही, हे तपासून घ्यायचे होते. विधानसभा निवडणुकीचे मतदान २० नोव्हेंबरला असल्याने त्या आठवड्यात निम्मे कर्मचारी निवडणुकीच्या कामावर होते, म्हणून २२ तारखेला मी तिला झाकणाच्या टोपलीत घालून एसटीने तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. महिलांना एसटीत अर्धे तिकीट असल्याने प्रवासाचा खर्च फारसा आला नाही, आणि केसपेपरला दहा रुपये लागले. नोंदवहीत मालकाचे नाव, गाव, आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि जनावराचा प्रकार असे रकाने होते. प्रकारात गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कुत्रा एवढेच पर्याय होते. परिचरांनी थोडा विचार करून ‘इतर’ या रकान्यात ‘ससा, मादी, पांढरी’ असे लिहिले. कृत्रिम रेतनासाठी आणलेल्या गाईंची रांग आधी होती, त्यामुळे आमचा नंबर लागायला दुपार झाली. रांगेत कुत्री असतील तर टोपलीवर कापड टाकून ती उंचावर ठेवावी. कुत्र्याच्या नुसत्या वासानेही सशिणीचे काळीज धडधडू लागते, आणि गाभण जनावराला तो ताण बरा नाही.

डॉक्टरांनी तिला टेबलावर पोत्याचा तुकडा अंथरून उभे केले, एका हाताने खांद्याजवळ धरले आणि दुसऱ्या हाताचा अंगठा व बोटे पोटाच्या खालून हळूच मागेपुढे फिरवली. “आहेत ताई, बोरांसारख्या गाठी लागताहेत,” ते म्हणाले, “पण घरी तुम्ही दाबून पाहू नका.” ही तपासणी संगानंतर दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत नीट होते, अननुभवी हाताने पोट दाबले तर गर्भाला इजा होऊ शकते. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती पुढे उपयोगी पडली. सशिणीला खोटी गर्भधारणाही होते, आणि त्यात साधारण सोळाव्या ते अठराव्या दिवसाच्या सुमारास ती पोटाचे केस उपटून घरटे करू लागते. त्यामुळे नुसते केस उपटलेले दिसले म्हणून ती विणारच असे समजू नये.

घरी परतल्यावर खरी तयारी सुरू झाली. गावातल्या सुतारदादांकडून मी विण्याची पेटी करून घेतली: दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, आणि समोरची बाजू अर्ध्या उंचीपर्यंतच ठेवलेली, म्हणजे आई उडी मारून आत-बाहेर करू शकेल पण पिल्ले बाहेर घरंगळणार नाहीत. तळाला ओल निचरण्यासाठी बारीक भोके पाडली. प्लायवूडला रंग किंवा पॉलिश लावू दिले नाही, कारण ससा लाकूड कुरतडतो. मजुरीसह ४५० रुपये झाले. पेटी फार मोठी केली तर पिल्ले एकमेकांपासून लांब जातात आणि थंडीने दगावतात. आई आत शिरून वळू शकेल एवढीच जागा पुरे.

पेटीत घालायचे काय, यावर घरात बराच खल झाला. वेचणीचे दिवस होते, खोलीभर कापूस पडलेला होता आणि प्रत्येकाला तोच सुचत होता. डॉक्टरांनी मात्र कापसाला स्पष्ट नकार दिला होता. कापसाचे तंतू पिल्लांच्या नाजूक पायांभोवती गुंडाळले जाऊन आवळतात, ओले झाले की गोळा होऊन अंगाला चिकटतात, आणि आईने ते खाल्ले तर पोटात अडकू शकतात. त्याऐवजी वाळलेले मऊ गवत वापरायचे ठरले. आमच्या धुऱ्यावरच्या गवताला कुसळे फार असतात आणि ती मिटलेल्या डोळ्यांत किंवा उघड्या कातडीत रुतू शकतात, म्हणून भंडाऱ्याकडच्या नातेवाइकांकडून धानाचे तणीस मागवले. सासूबाईंनी ते ओसरीत बसून हातानेच चुरगाळून मऊ केले आणि त्यातले टोकदार देठ वेचून काढले.

त्यानंतरचा विचार शत्रूंचा होता. खेड्यातल्या घरात नवजात पिल्लांना मांजर, मुंगूस, साप, घूस आणि मुंग्या या सगळ्यांपासून जपावे लागते. पिंजरा गुरांच्या कोठ्यातून काढून ओसरीच्या आतल्या खोलीत आणला. जुन्या जाळीच्या भोकांतून बारीक साप सहज आत आला असता, म्हणून बाहेरून अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी बसवली. तिचे ६०० रुपये झाले. पिंजऱ्याच्या खालच्या भागाला चारी बाजूंनी चार इंच उंचीची फळी ठोकली, कारण पिल्लू पेटीबाहेर आले तर गजांमधून खाली पडू शकते. मुंग्यांचा धोका लोकांना कमी वाटतो. पण जन्मलेल्या पिल्लाच्या अंगावर केस नसतात, त्याला हलता येत नाही आणि वारेचा वास लागताच लाल मुंग्या माग काढत येतात. पिंजऱ्याच्या चारही पायांखाली पाण्याने भरलेल्या वाट्या ठेवल्या आणि पिंजरा भिंतीपासून वीतभर लांब सरकवला. मुंग्यांची पावडर टाकू नये, कारण ससा अंग चाटतो आणि ती त्याच्या पोटात जाते.

१ डिसेंबरला पेटी पिंजऱ्यात ठेवली. ती याहून फार आधी ठेवली तर मादी तिचा लेंड्या टाकण्यासाठी वापर करू लागते, आणि उशीर झाला तर उघड्यावरच विते. ५ तारखेला दुपारी तिने खाणे जवळजवळ सोडले. तोंडात तणसाचा मोठा झुबका आडवा धरून ती पेटीत नेत होती, आत खुपसत होती आणि पुन्हा बाहेर येत होती. सूर्य मावळता मावळता तिने गळ्याखालचे आणि पोटाचे केस उपटायला सुरुवात केली. हे केस दोन कामे करतात: पिल्लांना ऊब देतात आणि आचळांभोवतीची जागा मोकळी करतात. आम्ही खोलीतला दिवा मालवला, मुलांना तिकडे जाऊ दिले नाही आणि पाण्याचे भांडे काठोकाठ भरून ठेवले. विताना तहानलेली किंवा घाबरलेली मादी स्वतःची पिल्ले चावू शकते, म्हणून त्या रात्री पाणी आणि शांतता या दोन गोष्टींत कसूर होऊ द्यायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते.

६ डिसेंबरला पहाटे ती व्याली. उजाडल्यावर पाहिले तर पेटीत केसांचा ढीग आतल्या आत हलत होता. पण दोन पिल्ले पेटीबाहेर, जाळीवर पडलेली होती. त्यातले एक मेलेले होते. दुसरे बर्फासारखे गार आणि निळसर पडले होते. हातात घेतल्यावर बराच वेळ त्याची काही हालचाल जाणवेना, आणि मग त्याने एकदाच तोंड उघडले. सासूबाई म्हणाल्या, “चमच्यानं कोमट दूध पाज त्याले.” पण थंड पडलेल्या पिल्लाला दूध कधीच पाजू नये, ते त्याला पचत नाही आणि श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. आधी ऊब द्यायची. मी ते फडक्यात गुंडाळून पदराखाली अंगाशी धरले, बाटलीत कोमट पाणी भरून तिला टॉवेल गुंडाळला आणि पिल्लू तिच्याशेजारी ठेवले. साधारण अर्ध्या तासाने त्याचा रंग गुलाबी झाला आणि ते पाय झाडू लागले. तेव्हा त्याला इतरांच्या मधोमध ठेवले.

पेटीत हात घालण्यावरूनही घरात वाद झाला. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, “पिलाईले हात नोको लावू बाई, माणसाचा वास लागला का मंग ते पिल्लं टाकते.” हा समज आमच्याकडे सर्वदूर आहे. पाळीव सशिणीच्या बाबतीत मात्र तो खरा नाही. ज्या हातांना ती रोज ओळखते ते हात स्वच्छ धुऊन, पेटीतल्या केसांत चोळून आत घातले तर ती पिल्ले टाकत नाही. उलट रोज एकदा पेटी तपासणे आवश्यक असते, कारण मेलेले पिल्लू किंवा वार आत राहिली तर ती कुजते आणि बाकीच्यांना अपाय होतो. आई बाहेर खात असताना, तिला आवडीचा पाला देऊन, दोन मिनिटांत हे काम उरकावे. आमच्याकडे सहा पिल्ले जिवंत होती. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, अंगावर लव नाही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर वाटी ठेवून वजने केली: पाच पिल्ले ४५ ते ५२ ग्रॅमच्या दरम्यान भरली आणि एक अवघे ३४ ग्रॅमचे होते.

त्यानंतरचे दोन दिवस सर्वांत कठीण गेले, आणि नवख्या माणसाचा धीर नेमका इथेच सुटतो. आई पिल्लांजवळ जातच नाही असे वाटत होते. ती दिवसभर पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला पाय पसरून पडलेली असे. शेळी किंवा कुत्री पिल्लांना सोडत नाही हे आपण लहानपणापासून पाहिलेले असते, त्यामुळे हिने पिल्ले टाकली असेच सगळ्यांना वाटले. वस्तुस्थिती अशी की सशीण दिवसातून एकदा, फार तर दोनदाच, बहुधा रात्री किंवा पहाटे पाजते आणि तेही तीन ते पाच मिनिटे. तिचे दूध स्निग्धांशाने आणि प्रथिनांनी इतके घट्ट असते की तेवढे दिवसभर पुरते. पिल्लांजवळ बसून राहिल्यास शत्रूला घरट्याचा पत्ता लागेल, म्हणून लांब राहणे हीच तिची राखण आहे. तिने पाजले की नाही, हे तिच्याकडे पाहून कळत नाही. पिल्लांच्या पोटाकडे पाहून कळते. पोट भरलेल्या पिल्लाचे पोट गोल आणि ताणलेले असते, आणि कातडी इतकी पातळ असते की आतले पांढरे दूध पट्ट्यासारखे दिसते. उपाशी पिल्लाची कातडी सुरकुतते आणि पोट आत जाते. पेटी उघडताच ते अस्वस्थपणे तोंड वर करून शोधत राहते.

८ डिसेंबरच्या सकाळी चार पिल्लांची पोटे भरलेली होती आणि दोघांची नव्हती. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी वरचे दूध लगेच सुरू करण्याऐवजी आईलाच पेटीत बसवून पाहायला सांगितले. त्याप्रमाणे सकाळी आणि रात्री आम्ही मोठी चार पिल्ले कापडात गुंडाळून बाजूला ठेवत असू, आईला उचलून पेटीत ठेवत असू आणि तिच्या कानांमागून हात फिरवत असू. ती उभी राहताच खालची दोन पिल्ले उताणी होऊन तिच्या पोटाखाली सरकत, आचळ पकडत, काही क्षणांत सोडून दुसरे शोधत, आणि शांत खोलीत चोखण्याचा बारीक चुटचुट आवाज ऐकू येई. तीनेक मिनिटांनी ती उडी मारून बाहेर जाई. तिला जबरदस्तीने दाबून धरू नये. घाबरली तर ती पायांनी पिल्ले तुडवते. दुबळ्यांना आधी आणि मग बाकीच्यांना, एवढ्या एका बदलाने दोघांपैकी एकाचे वजन वाढू लागले.

दुसरे म्हणजे ते ३४ ग्रॅमचे पिल्लू. त्याच्यात चोखण्याइतके बळ नव्हते. डॉक्टरांच्या सल्ल्याने शेजारच्या ताज्या व्यालेल्या शेळीचे दूध उकळून, कोमट करून, एक मिलिलिटरच्या सुईविरहित सिरिंजने थेंब थेंब पाजले. या वयाच्या पिल्लाला एका वेळी जेमतेम दोन मिलिलिटर लागते. पिल्लू कधीही पाठीवर झोपवून पाजू नये. त्याला उभे, किंचित पुढे झुकलेले धरावे, म्हणजे दूध फुप्फुसात जात नाही. पाजल्यानंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या बोळ्याने शेपटीखालची जागा हळूच पुसावी लागते, कारण या वयात आईच्या चाटण्याशिवाय पिल्लाला लघवी होत नाही. सिरिंज दहा रुपयांना मिळाली. पिल्लू १० तारखेच्या रात्री गेले. मुलगी फार रडली, आणि मलाही त्या रात्री अन्न गोड लागले नाही. सशाच्या एका वेतात एखादे-दुसरे पिल्लू दगावणे अनुभवी पाळणाऱ्यांकडेही घडते. तरी हातात घेऊन पाजलेल्या जिवाचे जाणे सोपे नसते, हे इथे लिहून ठेवावेसे वाटते.

उरलेल्या पाच पिल्लांच्या कानांत मुलीने वेगवेगळ्या रंगाच्या खुणा केल्या आणि वहीत रोजचे वजन लिहायला घेतले. डोळ्यांना सगळी पिल्ले सारखीच दिसतात. कोण मागे पडते आहे, हे वहीच आधी सांगते. साधारण आठवड्याभरात जन्माच्या वजनाची दुप्पट झाली तर वाढ ठीक चालली आहे असे समजावे. आमची पाचही पिल्ले १३ डिसेंबरपर्यंत नव्वदी पार करून गेली, आणि त्यांच्या अंगावर मखमली पांढरी लव आली.

महिन्याच्या मध्यात थंडी वाढली. पहाटे ओसरीतला तापमापक दहा अंशांच्या खाली जाऊ लागला. खोलीत विजेचा दिवा लावून ठेवावा असे पतींचे मत होते, पण आमच्याकडे वीज रात्रीतून केव्हाही जाते, आणि दिवा पेटीच्या जवळ असला तर पिल्ले भाजण्याचा किंवा तणीस पेटण्याचा धोका असतो. आम्ही पेटीवर पोते टाकले, हवेसाठी समोरची बाजू उघडी ठेवली आणि आईने उपटलेले जादा केस, जे पहिल्याच दिवशी पिशवीत जपून ठेवले होते, ते वरून पसरले. ऊब पुरेशी आहे की नाही, हे पिल्लेच सांगतात: थंडी वाजली तर एकमेकांवर चढून घट्ट गोळा होतात, उकडले तर अंग टाकून लांब लांब पसरतात. ओलसर तणीस मात्र रोज काढून कोरडे घालावे लागते, कारण ओल्या जागेत थंडी दुपटीने लागते. आईच्या चार-दोन लेंड्या पेटीत दिसल्या तर त्या सगळ्या उपसून काढू नयेत. पिल्ले त्या चघळतात आणि पचनाला लागणारे जीवाणू त्यांना तिथून मिळतात.

डोळे दहाव्या ते बाराव्या दिवशी उघडतात. १७ डिसेंबरला चार पिल्ले पाहू लागली. हिरव्या खुणेच्या पिल्लाचा डावा डोळा मात्र १८ तारखेलाही मिटलेला होता आणि कडेला पिवळसर पापुद्रा धरला होता. बोटांनी पापण्या ओढून उघडू नयेत. उकळून कोमट केलेल्या पाण्यात बोळा भिजवून तो डोळ्यावर धरला, पापुद्रा मऊ होऊ दिला आणि आतून बाहेर पुसला. संध्याकाळी डोळा उघडला, पण आत पू दिसला. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन पुन्हा तालुक्याला गेले. जुना केसपेपर सोबत असल्याने रांगेत नव्याने नोंद करावी लागली नाही. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवावा. डॉक्टरांनी मलम दिले आणि चार-पाच दिवसांत डोळा स्वच्छ झाला. त्या वेळी त्यांनी दिलेली ताकीद महत्त्वाची आहे. घरात उरलेली माणसांची प्रतिजैविके, विशेषतः अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिनच्या गटातली औषधे, सशाला तोंडावाटे कधीही देऊ नयेत. त्यांनी सशाच्या आतड्यातले उपयुक्त जीवाणू मरतात आणि जीवघेणा अतिसार होऊ शकतो.

नाताळच्या सुमारास पिल्ले पेटीतून उड्या मारून बाहेर येऊ लागली आणि आईच्या भांड्यात तोंड घालू लागली. २८ तारखेला पेटी काढून टाकली. जाळीच्या अर्ध्या भागावर गोणपाट अंथरले, कारण गुळगुळीत किंवा पोकळ जमिनीवर पिल्लांचे मागचे पाय फाकतात आणि ते व्यंग कायमचे राहू शकते. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याचा काळ हा पोटाच्या विकारांचा काळ असतो. या वयात खाणे अचानक बदलले की पोट बिघडते, आणि ओल्या, घाण जागेत कॉक्सिडिओसिस नावाचा आतड्याचा आजार पसरतो. जुलाब, फुगलेले पोट आणि खाणे सोडणे ही त्याची लक्षणे. आम्ही वाळलेले गवत दिवसभर समोर ठेवले, हराळी आणि लसूणघास धुऊन, पाणी निथळून, किंचित सुकवून थोडी थोडी दिली. सरकीची ढेप गुरांच्या दाणीत असते आणि मुले सहज मूठभर टाकतात. तिच्यातले गॉसिपोल नावाचे विषारी द्रव्य सशांना घातक ठरू शकते, म्हणून ती पूर्ण बंद ठेवली. कोबी, भाकरी, भात, बिस्किटे यांतलेही काही दिले नाही. दूध पाजणारी आई दिवसाला अर्धा लिटरहून अधिक पाणी पिते, तेव्हा भांडे सकाळ-संध्याकाळ भरावे. पिल्ले स्वतःच्या शेपटीखालून मऊ, चमकदार गोळ्या तोंडाने काढून खाताना दिसली तर घाबरू नये. ती त्यांच्या पचनाची नेहमीची रीत आहे.

जानेवारीत तूर सोंगणीला आलेल्या मजूर बायांनी धुऱ्यालगत सापडलेली दोन पिल्ले ओट्यात घालून माझ्याकडे आणली, कारण ‘या घरी ससे जगवतात’ हे तोवर गावात झाले होते. ती रानसशाची पिल्ले होती, आणि हा फरक गावकऱ्यांना माहीत असणे फार गरजेचे आहे. पाळीव सशाचे पिल्लू उघडे आणि डोळे मिटलेले जन्मते. आपल्या शेतातल्या रानसशाचे पिल्लू अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मते, आणि आई त्याला गवतात एकटे ठेवून दिवसभर दूर राहते. ते एकटे दिसते म्हणजे पोरके असते असे नाही. शिवाय रानससा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित असल्याने तो घरी ठेवणे गुन्हा ठरतो. मी बायांना घेऊन शेतात गेले, जिथून उचलली त्याच जागेजवळ सोंगणी न झालेल्या तुरीच्या सावलीत पिल्ले ठेवली, आणि त्या पट्ट्यात दुसऱ्या दिवसापर्यंत विळा लावू नये असे पतींना सांगितले. वनरक्षकांना फोनवर कळवले. जखमी पिल्लू असेल तर ते परस्पर न सांभाळता वन विभागाकडे द्यावे, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी पिल्ले तिथे नव्हती, आणि आजूबाजूला रक्त किंवा ओरबाडल्याच्या खुणाही नव्हत्या.

२५ जानेवारीला, पिल्ले सात आठवड्यांची झाल्यावर, आईला दुसऱ्या पिंजऱ्यात हलवले. पिल्लांना जुन्याच जागी ठेवून आईला काढावे. जागा आणि आई दोन्ही एकदम बदलली की ती खाणे सोडतात. आईचा पाला दोन दिवस कमी केला, म्हणजे दूध आटायला मदत होते, आणि तिची आचळे रोज हाताने तपासली. ती गरम, कडक किंवा लाल झाली तर स्तनदाह समजून लगेच दवाखाना गाठावा. तिला तसे काही झाले नाही. त्या दिवशी पाचही पिल्ले प्रत्येकी किलोच्या आसपास भरली. साडेतीन महिन्यांच्या आत नर-माद्या वेगळ्या कराव्या लागतात, म्हणून फेब्रुवारीत डॉक्टरांकडून लिंग तपासून घेतले: तीन माद्या, दोन नर. दोन माद्या आर्वीच्या एका शिक्षक कुटुंबाने नेल्या; नेण्याआधी त्यांना पिंजरा, जाळी आणि उन्हाळ्याची सोय दाखवायला सांगितली.

एकूण खर्चाचे म्हणाल तर पेटी, जाळी, फळ्या, सिरिंज, मलम, प्रवास आणि केसपेपर मिळून तो दोन हजारांच्या आत राहिला. चारा घरचाच होता, वजनकाटा आधीपासूनच होता. यापेक्षा मोठी गोष्ट वेळेची आहे: पहिले तीन आठवडे घरातले कोणीतरी एक माणूस रोज सकाळी आणि रात्री मोकळे असलेच पाहिजे. लग्नसराईत किंवा पेरणीच्या दिवसांत वेत येणार असेल तर नर वेगळाच ठेवलेला बरा.

उन्हाळ्यात तर आमच्याकडे वेत घेऊच नये असे माझे ठाम मत झाले आहे. सशाला घाम येत नाही, तो अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे आणि श्वासावाटे टाकतो. पारा तिशीच्या वर गेला की तो अस्वस्थ होतो आणि पस्तीसच्या पुढे जीव धोक्यात येतो. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो. नराची प्रजननक्षमताही अशा उष्णतेत काही आठवडे मंदावते. म्हणून मार्चपासून सगळे पिंजरे मातीच्या भिंतींच्या खोलीत घेतले आहेत, दाराला वाळ्याची ताटी लावली आहे, आणि वीज गेल्यावर पिंजऱ्यात ठेवायला पाण्याच्या बाटल्या शीतकपाटात गोठवून ठेवल्या आहेत. नर आणि मादी दिवाळीपर्यंत वेगळेच राहतील.